टेकडीवरच्या काळ्या देवदूताचं गाऱ्हाणं

मी देवदूत बोलतोय. दचकू नका, लाकडाचा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर, टेकडीवरच्या जुन्या चर्चमध्ये वेदीच्या डाव्या अंगाला दीडशे वर्षं उभा आहे. म्हणजे होतो. काल मला खाली उतरवलं, आता भिंतीशी आडवा पडलोय.

मला आणि माझ्या पाच देवदूत भावंडांना घडवलं होड्या बांधणाऱ्या एका सुताराने. त्याला होडीपलीकडे काही ठाऊक नव्हतं, म्हणून माझे पंख होडीच्या फळ्यांसारखे एकावर एक बसवलेले. पण अंगावर सोन्याचा वर्ख होता हो! शिंपल्यांच्या खिडक्यांतून संध्याकाळचं ऊन आलं, की पाहुणे उंच कमानी, छताची नक्षी सगळं सोडून माझ्यापुढे थांबायचे. मला गर्व चढला होता, खोटं कशाला बोलू?

चर्चची झाडलोट हिराकडे असायची. ती मासे विकायची, हिंदू घरातली. पण टेकडीवरची ही पांढरी भिंत समुद्रातून वाट दाखवते, म्हणून होडीवर जाणाऱ्या सगळ्यांचीच. माशांची पाटी बाहेर ठेवून ती आत यायची. नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरात वादळ झालं आणि तिचा नवरा रविकांत तीन दिवस परतला नाही. तिने माझे पाय धरले. "माजो घोव सुखरूप येंवदे रे! जल्मभर तुजी सेवा करीन."

चौथ्या दिवशी होडी किनाऱ्याला लागली. मी काय केलं होतं? काही नाही, नुसता उभा होतो.

तीच सेवा पुढे भोवली. एके दिवशी माझ्या पायाशी तिला लाकडाचा भुसा दिसला. कीड! दुसऱ्या दिवशी ती मोरी माशाच्या तेलाची बाटली घेऊन हजर. "होडयेक ह्याच तेल लावतत, मगे लाकूड टिकता. तुकाय लावतंय."

दरसाल तिने मला डोक्यापासून पायापर्यंत चोळलं. वर्ख काळवंडला, तेलावर धूळ बसली, वासाची तर बातच सोडा. पाहुणे थांबेनासे झाले. हिराला त्याचं काही नव्हतं. ती फक्त माझं लाकूड बघायची.

दोन हजार सातमध्ये मुंबईहून रिया नावाच्या, जुन्या कलावस्तूंच्या जाणकार बाई आल्या. कमानी बघून हरखल्या. माझ्या पाच सोनेरी भावंडांपुढे कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. माझ्यापुढे आल्या आणि नाकाला रुमाल लावला.

"हे कोणी फासलं? एवढ्या सुंदर कामाचा सत्यानाश केला!"

दारात किल्ल्या घेऊन उभ्या असलेल्या हिराने हात पदराखाली लपवले.

पाहुणे गेल्यावर ती रिठे आणि काथ्या घेऊन आली आणि मला घासत सुटली. "माज्या हातान तुजा वाटोळा झाला रे, देवा!" रडत होती, घासत होती. तेल काही निघेना. माझे रंगवलेले डोळे मात्र गेले, ओठ गेले. ते पाहून तिने किल्ल्या फादरांच्या हाती दिल्या आणि टेकडी उतरली. तीन वर्षं झाली, पुन्हा चढली नाही.

काल दुरुस्तीसाठी आम्हाला उतरवायला माणसं आली, सोबत रियाबाई. पहिल्या भावंडाला हात लावला आणि पंखाचा मुठीत भुगा झाला. दुसऱ्याची मान गळून पडली. पाचही आतून पोकळ! वरून सोनं, आत कीड. एकटा मी अख्खा उतरलो, चौघांचा घाम काढत.

रियाबाई पायरीवर बसून रडल्या. मग त्यांनी मला बोटाने ठोकून पाहिलं, वास घेतला. "तेलाने वाचवलं याला. कोण लावायचं हो?"

कोण सांगणार? फादर नवे, माणसं बाहेरची. मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नाही.

उद्या ट्रक येईल. मला गोव्याला नेतील, नवा चेहरा बसवतील, वर्ख लावतील म्हणे. नको मला वर्ख! तुम्हाला तोंड आहे, तुम्ही पाय उचला. टेकडीखालच्या मासळीबाजारात हिरा बसलेली असेल. गिऱ्हाईक नसलं, की अजून हात पदराखाली घेते म्हणतात. ट्रक निघायच्या आत तिच्याकडे जा हो. तिला एवढंच सांगा, की मी अख्खा उतरलो.