ओळ क्रमांक सातशे चाळीस

एप्रिल १९८८. दुपारी वीज गेली, म्हणून सुमती गजभियेने प्रयागबाईंचं गणित हाताने केलं. नागपुरातल्या एका कॅन्सर रुग्णालयात रोग्याला किरण किती वेळ द्यायचे हे ठरवणं तिचं काम. एरवी कॉम्प्युटर ते सांगायचा. प्रयागबाईंसाठी त्याने दोन मिनिटं बारा सेकंद सांगितले होते. कागदावर दोन मिनिटं सत्तेचाळीस आले. तिने चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा तेच.

प्रयागबाई जरीपटक्याहून रोज बसने यायच्या. बाहेर बाकावर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "किती दिवस राहिले वं बाई आता? मले तर बरं वाटून राहिलं."

"थांबा जरा, डॉक्टरांशी बोलून येते," सुमती म्हणाली. तिला त्यांच्याकडे पाहवेना.

डॉक्टरांनी त्याच दिवशी तो प्रोग्राम बंद केला. हाताने गणितं करायची आणि कमी पडलेले डोस भरून काढायचे असं ठरलं. पण प्रोग्राम एकट्या नागपुराचा नव्हता. जबलपूरच्या प्रोफेसर गिरिधर दुब्यांनी तो लिहिला होता. रिकामी फ्लॉपी आणि टपालाची तिकिटं पाठवील त्या रुग्णालयाला ते तो फुकट देत. वापरा, वाटा, चूक सापडली तर कळवा, असं प्रोग्रामच्या सुरुवातीलाच लिहिलेलं होतं. आणखी अकरा रुग्णालयांत तो चालू होता. फ्लॉपीबरोबर आलेली त्यांची यादी सुमतीच्या कपाटातच होती.

तिने दुब्यांना तार केली : प्रोग्राम चुकतो, ताबडतोब बंद करा. आठवड्याने कार्ड आलं. "कोणत्या आकड्यांवर चुकतो? तीन वर्षांत कोणाची तक्रार नाही."

सुमतीचा संताप झाला. अकरा ठिकाणी रोज माणसं कमी किरण घेऊन घरी जात होती, आणि हा माणूस आकडे विचारत होता. दोन दिवस बसून तिने छापील प्रोग्राम बोटाने ओळ ओळ वाचला. सातशे चाळिसाव्या ओळीत चूक सापडली. यंत्रापासून रोगी नेहमीच्या ऐंशी सेंटीमीटरहून लांब असेल तर वेळ वाढायला हवी. ती वाढतच नव्हती. तिने ओळ बदलली. प्रयागबाईंचं उत्तर बरोबर आलं. आणखी दोघांचंही आलं. त्याच संध्याकाळी, बुधवारी, तिने नवी ओळ अकराही रुग्णालयांना टपालाने पाठवली आणि शनिवारी पहाटे जबलपूरची बस धरली.

दुबे नागपुरातच शिकलेले, मराठी बोलत. त्यांनी तिला पाणी दिलं, तिचे कागद वाचले आणि म्हणाले, "हेच आधी पाठवायचं होतं. काय घातलं, काय आलं, काय यायला हवं होतं. चूक माझीच आहे." मग त्यांनी तिची ओळ आपल्या कॉम्प्युटरवर घातली आणि सत्तर सेंटीमीटरचा आकडा दिला.

मग तोच आकडा कागदावर हातानेही करून पाहिला.

"जवळचे रोगी तपासले होते का?"

"नाही. माझे तिघंही लांबचे होते."

"ऐंशीच्या आत आलं की वेळ कमी व्हायला हवी. तुमच्या ओळीने ती होतच नाही. तीस टक्के जास्त किरण जातील."

"मी ती सगळीकडे पाठवली आहे," सुमती म्हणाली.

दुब्यांनी चपला घातल्या. तार ऑफिसात अकरा फॉर्म दोघांनी मिळून भरले : जुनी ओळ नको, नवीही नको, गणित हाताने करा. टेलिफोन होते तिथे ट्रंक कॉल लावले. शनिवारी दुपारी तीनच ठिकाणी कोणी उचलला. रात्री दुब्यांच्या बायकोने वाढलेलं ताट तिच्यापुढे तसंच राहिलं.

रविवारभर बसून दोघांनी ओळ पुन्हा लिहिली. जवळचे, लांबचे, बरोबर ऐंशीवरचे, असे वीस रोगी कागदावर मांडून एकेकाचा ताळा घेतला. दुब्यांनी प्रोग्रामच्या सुरुवातीला लिहिलं : दुरुस्ती, सुमती गजभिये, नागपूर.

"नाव नका घालू," ती म्हणाली.

"घालावं लागेल. पुढे कोणाला शंका आली तर त्याने विचारायचं कोणाला?"

"मग मी आधी काय पाठवलं, तेही लिहा."

त्यांनी तेही लिहिलं. सोमवारी तो प्रोग्राम अकराही रुग्णालयांना टपालाने गेला, सोबत सुमतीचं पत्र : माझी आधीची ओळ घातली होती का, आणि कोणाकोणासाठी?

महिनाभरात दहा उत्तरं आली. नऊ ठिकाणी तिची पहिली ओळ कोणी घातलीच नव्हती. दहाव्याने लिहिलं होतं, तार पोचेपर्यंत दोन दिवस घातली होती. तीन रोगी ऐंशीच्या आतले. दोघांची कातडी भाजली, उपचार चालू आहेत. तिसऱ्या बाई पुन्हा आल्याच नाहीत.

अकरावं उत्तर आलं नाही. सुमती स्वतः जाऊन आली. तिथे कॉम्प्युटर वर्षभर बंदच पडला होता. तिला रडू आलं ते परतीच्या बसमध्ये.

प्रयागबाई दिवाळीआधी गेल्या. कमी पडलेल्या किरणांनी गेल्या की आजारानेच, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

त्या तिसऱ्या बाईंचा पत्ता सुमतीने पुन्हा पुन्हा मागवला. शेवटी रजिस्टरमधून नुसतं गावाचं नाव आलं. त्या नावाची गावं तालुक्यात चार होती. तिने चारही गावांच्या सरपंचांना पत्रं लिहायला घेतली. बाईंचं नाव, वय, कोणत्या तारखेला किती किरण घेतले, किती घ्यायला हवे होते, आणि चूक कोणाची होती.