वाळवीचा ठपका

मित्रांनो, चार पाय, दोन लांब पाट्या, उशाशी एक फळी, पायथ्याशी एक, वर अकरा पट्ट्या आणि हे सगळं धरून ठेवणाऱ्या आठ लाकडी खुंट्या. एवढा मी होतो. मी सागवानी पलंग, वयानं जुना, पण लाकडानं ठणठणीत.

घरातल्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी मला घडवलं. खिळा एकही नाही. खुंट्या काढल्या की मी सुटा व्हायचो, ठोकल्या की पुन्हा उभा. दादा आणि धाकटी माझ्यावरच लोळले, भांडले, तापानं फणफणले. शेवटच्या आजारपणात आई म्हणाली, "पलंग धाकटीचा हं." दादा हो म्हणाला. तेव्हा त्याचा हात माझ्या पाटीवर होता.

आई गेली. घर रिकामं करायची वेळ आली. धाकटीचं घर लांब. टेम्पो ठरवा, तीन जिने उतरवा, तिकडे चढवा. दादाला ती उस्तवार नको होती. मोठं सामान नगरपालिकेची माणसं घरातून उतरवून गाडीत नेतात. त्यानं गाडी बोलावली आणि धाकटीला फोनवर सांगितलं, "अगं, वाळवी लागलीय त्याला. नेलास तर तुझी दारं-खिडक्याही खाईल."

हे तो माझ्यावर बसून बोलला.

गाडी आली त्या सकाळी धाकटी निदान शेवटचं बघायला म्हणून आली. गाडी छोटी, मी अख्खा तीत मावेना. खुंट्यांचं कुणी बोललंच नाही. गाडीवरच्या काकांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि करवत लावली. पाय तुटले, पाट्या तुटल्या. पायाशी पडलेला तुकडा तिनं उचलला, उजेडात धरला, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"दादा, वाळवी कुठंय?"

"आत असेल गं."

"आतलंच बघतेय मी."

दादा किल्ल्या शोधू लागला. तिनं काकांना विचारलं, हे परत मिळेल का. ते हळूच म्हणाले, "नेऊन काय करणार ताई? आता हा उभा राहायचा नाही."

मित्रांनो, वस्तू नकोशी झाली, तर नको म्हणा. ज्याला हवी आहे त्याला बोलवा. नाहीच कुणी, तर गाडी आहेच. पण आपला आळस झाकायला तिच्या अंगी नसलेला रोग चिकटवू नका. तिला तोंड नसतं.

त्या फेरीत गाडीत मी एकटाच होतो. कचरा डेपोच्या वजनकाट्यावर आधी भरलेली गाडी तोलली, मग रिकामी. फरक सत्त्याऐंशी किलो भरला. वाळवीनं पोखरलेलं लाकूड एवढं भरत नाही.