सातव्या ग्रीनचं कुबड

मित्रांनो, भोकं पाडण्याबद्दल जगात कुणाला शाबासकी मिळत असेल, तर ती मला मिळते! मी एक जुना होल-कटर आहे. गोल्फच्या मैदानावर झेंडा रोवलेलं जे भोक तुम्ही पाहता, ते जमिनीतून आपोआप उगवत नाही. ते रोज सकाळी पाडावं लागतं, आणि रोज नव्या जागी. नव्या जागेतून माती-गवताचा जो गोळा मी उपटतो, तो कालच्या भोकात बसवायचा आणि पायाने हलकेच दाबायचा. मग काल तिथं भोक होतं हे गवतालासुद्धा आठवत नाही.

माझं अंग साधं आहे. खाली सव्वाचार इंच रुंदीचं पोलादी नळकांडं, त्याची कडा वस्तऱ्यासारखी. मधे दांडा, वर दोन्ही हातांनी धरायची आडवी लाकडी मूठ. मला ज्या लोहाराने घडवलं त्याने जन्मात गोल्फ पाहिला नव्हता. मला हातात घेऊन तो म्हणाला, "एवढी गोल बिळं कशाला हो पाडायची? उंदरांनी संप केलाय का?" पण पाणी असं चढवलं त्याने माझ्या धारेला, की एकतीस वर्षं मी खडकालाही भ्यालो नाही.

मला घडवून घेतलं थोरल्या साहेबांनी. ते मैदानांची आखणी करणारे आर्किटेक्ट होते. या भागात सहा मैदानं आहेत, त्यातली तीन त्यांची. दोन आखली ती एका सरळमार्गी गृहस्थाने. लोक त्याला पट्टीवाले म्हणतात, कारण त्याच्या मैदानात वळण असं नाहीच, सगळं शाळेच्या वहीसारखं. सहावं तळेवाल्यांचं. त्यांना रिकामी जागा दिसली की तळं सुचायचं. त्यांच्या मैदानावर चेंडू हरवत नाहीत, बुडतात. मी सहाही मैदानांवर पहिल्या दिवशीचं पहिलं भोक पाडलं आहे! मैदान कुणाचंही असो, उद्‌घाटनाला बोलावणं आक्काला यायचं, आणि आक्का माझ्याशिवाय जायची नाही.

आक्का म्हणजे आमच्या मैदानाची मुकादम. तिला सगळे आक्का म्हणतात, म्हणून गवत कापायचं यंत्र चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याला सगळे दाजी म्हणतात. पण मैदान बांधलं जात होतं तेव्हा ती मुकादम नव्हती. बावीस वर्षांची होती आणि डोक्यावर घमेलं होतं. आता एक गोष्ट तुम्हाला तोंडावर सांगतो. बोर्डावर ज्यांची नावं असतात, त्यांनी एक घमेलं मातीसुद्धा उचललेली नसते. राग आला तर येऊ द्या.

थोरल्या साहेबांची रीत मात्र न्यारी होती. ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, तयार होत आली की ते तिथं बादलीभर पाणी ओतायचे आणि उकिडवे बसून ते कुठं जातं ते बघायचे. उतार मनासारखा असला, की फक्कीची पिशवी मागवायचे. त्या पांढऱ्या भुकटीची रेघ ते स्वतःच्या मुठीने ओढायचे. पिशवी कुणीही धरावी, मूठ त्यांचीच. रेघ पडली की विषय संपला. मग तिच्यावर चार बोटं माती आणि गवत.

सातव्या ग्रीनवर त्यांनी नकाशात मागच्या कडेला उंचवटा काढला होता. पुढे गेलेला चेंडू त्याला टेकून थांबावा, असा बेत. माती किती चढवायची त्याच्या खुंट्या रोवल्या, प्रत्येक खुंटीवर लाल खूण केली, आणि साहेब तीन आठवडे दुसऱ्या मैदानावर गेले. मधेच रोलर फिरवायचा होता. आक्काने खुंट्या उपटल्या आणि ओळीने आडव्या मांडून ठेवल्या. रोलर फिरला. ती आली दुसऱ्या बाजूने, आणि पहिली खुंटी शेवटच्या जागी रोवली. झालं! सगळ्या खुंट्या उलट्या. माती त्यांच्याच खुणांप्रमाणे चढली, आणि मागचा उंचवटा पुढे आला.

साहेब परतले आणि पाहतच राहिले.

"हे कुबड कुणी काढलं?"

सगळे एकमेकांची पायताणं बघायला लागले. आक्का पुढे झाली. "मी. खुंट्या मीच उपटल्या, मीच रोवल्या. उलट्या."

साहेबांनी बादली ओतली. पाणी दोन्ही अंगांनी सरळ निघून गेलं, कुठं थेंब साचला नाही. मग त्यांनी चेंडू ठेवला आणि काठीने मारला. चुकला. पुन्हा मारला, पुन्हा चुकला. तिसरा चेंडू कुबडावर चढला, क्षणभर विचारात पडला, आणि मागे फिरून साहेबांच्याच बुटाशी येऊन बसला. साहेब असे हसले की टोपी खाली पडली!

"कागदावर दहा वर्षं डोकं आपटलं असतं तरी मला हे सुचलं नसतं," ते म्हणाले. "राहू दे. फक्की आण!"

मोजायला टेप नव्हती, म्हणून त्यांनी मला आडवा घातला. ग्रीनच्या कडेच्या काळ्या दगडापासून पंपघराच्या कोपऱ्याच्या दिशेने मोजले माझे मुठीपासून धारेपर्यंतचे अकरा दांडे, आणि तिथून मूठभर फक्की सोडत कुबडाभोवती रेघ फिरवली. पिशवी आक्काच्या हातात होती. जाताना साहेब म्हणाले, "नकाशा नंतर सुधारतो." तो त्यांनी कधीच सुधारला नाही. मोठ्या माणसांचं 'नंतर' हे असंच असतं. ते विसरतात, आणि त्याचं ओझं दुसऱ्याच्या मानेवर येतं.

पण काय वर्षं होती ती! त्या कुबडाने भल्याभल्यांना रडवलं. लांबून लोक खास सातव्यासाठी यायचे, शिव्या घालत जायचे आणि पुन्हा यायचे. मी रोज पहाटेचं दव अंगावर घ्यायचो. दाजी दर महिन्याला माझी धार कानशीने घासायचे. शेडमध्ये मला अडकवायला वर खिळा आणि खाली एक लाकडी पट्टी होती. नवा होतो तेव्हा माझी धार त्या पट्टीला टेकायची. पुढे फट दिसायला लागली. शेवटी तिच्यात एक बोट आडवं जायला लागलं. मग एक दिवस नवा चकचकीत कटर आला. त्याला मापाचा अडसर होता, सात इंचांच्या खाली तो जातच नसे. मी खिळ्यावर लटकलो. माझ्या मुठीवर कुणी तरी ओले हातमोजे वाळत घालायला लागलं. मुकाट्याने सोसलं. सांगतो कुणाला?

आणि एका सकाळी शेडच्या दारातच बोलणं ऐकलं आणि माझं पोलाद थंड पडलं.

क्लबने मैदान पुन्हा मूळ रूपात आणायचं ठरवलं होतं. त्यासाठी एक तरुण आर्किटेक्ट बाई आल्या होत्या. त्यांच्या हातात थोरल्या साहेबांचा नकाशा होता. नकाशात उंचवटा मागे होता.

"पुढचा उंचवटा साहेबांचा नाही," बाई म्हणाल्या. "शेजारच्या वाळूच्या खड्ड्यातून फटके मारताना वाळू उडते. तीस वर्षांत अशीच साचून तिचा ढीग होतो. सोमवारी तो काढून टाकू."

क्लबचे सेक्रेटरी मान डोलावत होते. त्यांची मान डोलावण्यासाठीच बनवलेली होती.

दाजी आक्काला कोपऱ्यात घेऊन कुजबुजले, "अगं, गप बस. तुझी चूक होती हे कळलं तर मुकादमी जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकली म्हणून सोमवारचं फावडं थांबणार आहे का?" आक्का म्हणाली, आणि सरळ बाईंसमोर जाऊन उभी राहिली. "बाई, ते कुबड वाळूचं नाही, मातीचं आहे. मी घातलेलं आहे. चुकून. आणि साहेबांनी त्याला फक्की मारली आहे."

सेक्रेटरी हसले. "आक्का, साहेब आता साक्षीला येणार नाहीत, म्हणून कुणीही काहीही सांगावं का?"

पण बाई हसल्या नाहीत. "फक्की?" त्या म्हणाल्या. "टेकडीवरच्या त्यांच्या मैदानात खणताना मला सगळ्या ग्रीनखाली ती सापडली होती. इथं असेल तर तो त्यांचा शेवटचा शब्द, नकाशापेक्षा मोठा. पण क्लबच्या कमिटीला ती प्रत्यक्ष दाखवावी लागेल."

"एकच भोक," सेक्रेटरींनी बोट उभं केलं. "चांगल्या ग्रीनची चाळण करायची नाही."

एक भोक! दोन बोटं रुंदीची रेघ, एकतीस वर्षांपूर्वीची, आणि तिच्यावर दरवर्षी अंथरलेल्या बारीक मातीचे थर. नवा कटर तिथवर पोचणारच नव्हता. आक्का शेडमध्ये आली, हातमोजे भिरकावले आणि मला उचललं. "चल रे भोक्या," ती म्हणाली. मित्रांनो, माझं हे नाव मी तीन वर्षांनी ऐकलं!

काळ्या दगडापासून पंपघराच्या दिशेने ती मला आडवा घालत निघाली. एक, दोन, तीन... मागून दाजी, बाई, सेक्रेटरी आणि तोपर्यंत जमलेले पंधरा-वीस जण. नऊ, दहा, अकरा. तिने मला उभा केला, मुठीवर भार टाकायला हात रोवले. आणि मी आतल्या आत ओरडत होतो: अगं थांब! मी झिजलोय! मी आता तेवढा राहिलेलो नाही!

तिला ऐकू कसं जाणार? पण तिची सवय कामी आली. भोक पाडण्याआधी ती नेहमी माझ्या धारेवरून अंगठा फिरवायची. तसा फिरवला. आणि थबकली.

"अहो," ती दाजींना म्हणाली, "शेडच्या पट्टीत आणि ह्याच्यात फट केवढी आहे?"

"एक बोट."

"मग अकरा वेळा मोजलं, तर अकरा बोटं कमी भरली. तुमच्या कानशीने खाल्ली ती!"

"धार लावायची नव्हती का मग?" दाजी चिडून म्हणाले, आणि लोक हसले.

तिने अकरा बोटं मोजून मला पुढे सरकवलं. पीळ दिला. मी उतरलो. वरची बारीक पिवळसर माती गेली. वाळूचा ढीग असता तर आता जाडी वाळू कुरकुरली असती. नाही कुरकुरली! काळीभोर चिकण माती लागली, तिच्याच घमेल्यातली. सहा इंच. सात. नवा इथंच थांबला असता. आठ. आणि माझ्या कडेला काहीतरी मऊ, कोरडं, पिठासारखं लागलं.

तिने मला वर ओढलं आणि गोळा गवतावर ढकलला. त्याच्या तळाशी, काळ्या मातीत, शुभ्र रेघ होती. बाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी रेघेला बोट लावलं. मग खिशातून पेन काढून त्यांनी नकाशावरचा मागचा उंचवटा खोडला आणि पुढे काढला. साहेबांचं 'नंतर' एकतीस वर्षांनी आलं.

"आता सातव्यावरचा बोर्ड बदला," आक्का म्हणाली.

"बोर्ड कशाला? ग्रीन वाचली ना तुमची?" सेक्रेटरी म्हणाले.

"आखणी साहेबांची, ती त्यांच्या नावावर आहे. चूक माझी आहे, ती माझ्या नावावर लिहा. फुकट कुणाला देणार नाही मी ती."

"अहो, बोर्डावर चूक लिहायची? लोक हसतील!"

"हसू देत. साहेबही हसलेच होते."

मित्रांनो, सातव्यावर आज जो बोर्ड आहे त्यावर दोनच ओळी आहेत. आखणी: थोरले साहेब. चूक: आक्का. लोक तो वाचून हसतात, आणि मग कुबडावर चेंडू मारून गप्प होतात. फक्कीचा गोळा आक्काने होता तसा परत बसवला. रोजचं काम अजून नवाच करतो. पण माझ्या मुठीवर आता कुणी हातमोजे वाळत घालत नाही, आणि दर सोमवारी दाजी मला तेलाचा हात देतात.

तुमच्या घरीही एखादं जुनं हत्यार असेल. विळी असेल, कातर असेल, कुणाची तरी पटाशी असेल. फेकण्याआधी एकदा त्याच्या धारेवरून जपून अंगठा फिरवा. जेवढं झिजलं आहे, तेवढं ते कुणाच्या तरी उपयोगी पडलं आहे. आणि ज्याने ते झिजवलं, त्या माणसाचं नाव कुठल्या बोर्डावर आहे का, तेवढं बघून या. नसेल, तर गप्प बसू नका.