ओवाळलेला बाटला

चामटोलीत विठाएवढी तोंडाची तिखट बाई नाही, आणि पोराचा तिच्याएवढा तोरा कुणाला नाही. तिचा सुजित ग्यासच्या बोटीवर. आखातात ग्यास भरायचा न् इकडं आणून ओतायचा, हे त्याचं काम. म्हणून शेजारच्या पुतळाबाईच्या घरी चहा उकळला तरी विठा म्हणायची, "पी गं पी, माझ्या पोरानं आणलाय जाळ."

मग तिकडं लढाई पेटली. समुद्राची वाट बंद झाली न् सुजितची बोट कितीतरी बोटींच्या रांगेत नांगर टाकून बसली. महिना सरला, दुसरा लागला. इकडं ग्यासचे बाटले येईनात. अंबरनाथच्या कारखान्यातली भट्टी ग्यासविना विझली, तसा विठाचा नवरा हिरामण घरी येऊन ओट्यावर बसला. गावात पुन्हा चुली धुमसायला लागल्या.

पुतळाबाई डोळे चोळत कुंपणावरून म्हणाली, "विठे, सुजितला सांग की, एक बाटला खांद्यावर टाकून पोचव म्हणावं."

"पोचवील. तवर तुझ्या जिभेवर भाज भाकरी, चांगली तापलीय."

बोलली खरी. पण घरात येऊन तिनं रिकामा बाटला उगाच हलवून बघितला. पोराचा फोन आठवड्यातून एकदा यायचा. "आये, बरा हाय," एवढं ऐकू यायचं, पुढं नुसती खरखर. जेवलास का, हे विचारायचं दर वेळी राहून जायचं. मग तिनं मनाशीच ठरवून टाकलं, दारात बाटला आला की समजायचं, पोराची बोट सुटली. हे कुणाला सांगितलं मात्र नाही.

एका सकाळी बदलापूरहून ग्यासवाल्या चंदरचा टेम्पो आला. चंदर बाटला खांद्यावर घेऊन पायरी चढला.

"थांब! तिथंच थांब!"

विठा आत धावली. भाकरीचा तुकडा न् पाण्याचा तांब्या घेऊन आली. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा तिनं बाटल्यावरून तीनदा तुकडा ओवाळला, लांब भिरकावला, चंदरच्या पायावर पाणी ओतलं.

"मावशी, माझा खांदा निखळला. बाटला हाय का नवरदेव?"

"गप रं. माझा पोर सुटला."

आतून सून शलाका फोन घेऊन आली. सासूचं बोलणं ऐकून न् हातातला तांब्या बघून तिला सगळं उमगलं. "आई, आत्ताच त्यांचा मेसेज आला. बोट अजून तिथंच आहे."

"मग ह्यो?"

"दुसरी कुठली तरी बोट असेल. दुसऱ्या देशातून आलेली."

चंदरनं बाटला आवाज न करता खाली ठेवला. हिरामण दुसरीकडं बघायला लागला. विठा त्या तांबड्या बाटल्याकडं बघत उभी राहिली.

"त्या बोटीवर पण कुणाचा तरी पोर असंल," ती म्हणाली. "माझं ओवाळणं लागू दे त्याला."

पुतळाबाई कुंपणाशी उभी होती. सगळं बघूनही तिनं तोंड उघडलं नाही, हे विठाला जास्त झोंबलं.

"बघतेस काय? ये, चहा टाकते."

नवा बाटला लागला, निळा जाळ पेटला. विठानं कप पुढं केला. "पी गं. कुणाच्या तरी पोरानं आणलाय."

"तुझा पण आणील."

"आणील म्हंजे? न आणून सांगतोय कुणाला!" ती फणकारली न् सुजितवरून ओवाळायला म्हणून उरलेली भाकर फडक्यात बांधायला लागली. गाठ काही नीट बसेना.