तक्त्यावरची शेवटची ओळ

शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढून त्याने आईला तपासणीच्या खुर्चीवर बसवलं आणि समोरच्या अक्षरांच्या तक्त्यामागचा दिवा लावला. सव्वादोन महिन्यांनी लागत होता तो दिवा. आधी नुसताच फडफडला, मग कुरकुरत उजळला.

“वाच.”

“काय वाचू? पेपर आहे का तो?”

“आई, वाच ना.”

आईने चष्मा नाकावर घट्ट बसवला, हात मांडीवर ठेवले आणि सुरुवात केली. सगळ्यात वरचं मोठं अक्षर, त्याखालची दोन, त्याखालची तीन. कुठे अडखळली नाही की डोळे बारीक केले नाहीत. एक डोळा झाकून वाच म्हटलं तर तसंही वाचलं. सगळ्यात खालची ओळ मुंगीच्या पायांनी लिहिल्यासारखी बारीक होती, तीही तिने एका दमात म्हणून टाकली.

“झालं समाधान?”

समाधान कसलं, तो उलट आणखीच बुचकळ्यात पडला. महिना झाला, आईचं काहीतरी बिनसलं होतं. सकाळचा चहा ओतताना अर्धा कपात आणि अर्धा ओट्यावर. चालायची तर भिंतीला हात लावून. दुकान आणि मागचं घर यांच्यामध्ये एक पायरी होती; तीस वर्षं जी ती झोपेतही उतरली असती, तिथे काल पाय चुकून आपटली. गुडघा सुजला होता. “फरशी तिरकी झालीय मेली,” एवढंच बोलली.

फरशी तिरकी दिसते, असं नव्या नंबरची माणसं पहिल्या दिवशी म्हणतात. आईचा चष्मा तर दोन वर्षांचा जुना. मग दोष डोळ्यांच्याही आत कुठेतरी असणार. डोळ्यांचा दवाखाना बंद, मोठ्या दवाखान्यात साथीच्या त्या एका आजाराशिवाय कुणाला आत घेत नव्हते. बाबा जाऊन तीन आठवडे होत नाहीत तोवर आईही हातची जाते की काय, ही भीती त्याला पाठ टेकू देत नव्हती. बायको मुलीला घेऊन चार दिवसांसाठी माहेरी गेली, ती रस्ते बंद झाल्यावर तिथेच अडकली. त्यामुळे बोलायला दुसरं कुणी घरात नव्हतं.

“दे बघू चष्मा. दांडी वाकली असेल.”

आईने दोन्ही हातांनी चष्मा धरला. “नको. तू हात लावलास की आठवडाभर कान टोचतात माझे. तुझे बाबा असते तर गोष्ट वेगळी.”

त्याने दिवा बंद केला.

दुकान बाबांनी काढलेलं. दहा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याच्या गोड बोलण्याला भुलून त्यांनी तपकिरी फ्रेमची अख्खी पेटी घेतली. गिऱ्हाइकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “बाहेर खपत नाही तो माल घरात खपवायचा,” असं म्हणून बाबांनी स्वतःला एक केली, आईला एक केली, सुनेलाही सोडलं नाही. गल्लीतली पोरं लांबूनच ओळखायची, हे सगळे एकाच पेटीतले. त्याचे स्वतःचे डोळे चांगले, म्हणून तो तेवढा सुटला. त्याला गल्लीत भिंग म्हणत, आणि त्याचा त्याला अभिमान होता. यंत्राबिंत्राची गरज नाही. चष्मा खिडकीच्या गजासमोर धरायचा, जरा हलवायचा, जरा फिरवायचा, आणि काचेतून गज कसा सरकतो ते बघून नंबर सांगायचा. पाव नंबराचीही चूक व्हायची नाही. बाबा गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम त्याला तो खेळ करून दाखवायला लावायचे.

बाबांना दवाखान्यात न्यायला गाडी आली ती दुपारी. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन माणसांनी दारातूनच सांगितलं, पाच मिनिटं. त्याने पिशवीत टॉवेल कोंबला, फोनचा चार्जर कोंबला, फ्रीजवर ठेवलेला चष्मा उचलून टाकला. बाबा आपल्या पायांनी गाडीत चढले. त्यानंतर नऊ दिवस. चौथ्या दिवशी फोनवर त्यांचा चेहरा दिसला. त्यांनी फोन जवळ धरला, लांब धरला, मग म्हणाले, “दोघांचे चार जण दिसताय की रे. बरं वाटतंय, घर भरल्यासारखं.” तो हसला होता. बाबांची थट्टा त्याला ओळखीची होती, आणि नसेल थट्टा तर ताप असेल. दहाव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. मग स्मशानाच्या फाटकापासून लांब उभं राहून, कुणीतरी बोट दाखवलं त्या दिशेला त्याने हात जोडले. सगळे देह एकसारखेच बांधलेले होते. दाखवलं ते बाबाच, असं मानायचं आणि परत यायचं.

येताना हातात दिली ती पिशवी. सीलबंद, वर बाबांचं नाव चुकीचं लिहिलेलं. चौदा दिवस उघडू नका म्हणाले म्हणून मागच्या गॅलरीत खुंटीला टांगली. चौदाचे अठरा झाले. दोनदा तो उघडायला गेला, दोन्ही वेळा आई म्हणाली, “राहू दे. घाई काय आहे?” त्याला वाटलं, तिला बघवणार नाही. त्यालाही बघवणार नव्हतं.

पण आज त्याच्या डोक्यात आलं, आईची फ्रेमच पिचली असेल तर? तपकिरी पेटी कधीच संपली होती. घरात तशी दुसरी फ्रेम एकच होती, पिशवीत. आईच्या काचा त्या फ्रेममध्ये बसवता येतील. आई आत डाळ निवडत होती, म्हणजे निवडल्यासारखं करत होती. त्याने गॅलरीत जाऊन कात्रीने चिकटपट्टी कापली.

टॉवेल. चार्जर. एक कंगवा, जो त्यांचा नव्हताच. आणि टॉवेलच्या घडीत चष्मा.

त्याने जंतुनाशकाचा फवारा मारला, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या आणि हाताच्या सवयीनेच चष्मा खिडकीच्या गजासमोर धरला. बाबांचा नंबर त्याला जन्मापासून पाठ. जबर तिरपा नंबर. नुसत्या डोळ्यांना एका रेघेच्या दोन दिसायच्या. त्यांची काच फिरवली की गज कात्रीच्या पात्यासारखा कलायचा.

त्याने काच फिरवली. गज जागचा हलला नाही.

पुन्हा फिरवली. दुसरी काच धरली. गज सरळच्या सरळ, शिक्षकासमोर उभ्या राहिलेल्या पोरासारखा. हा नंबर साधा, सौम्य. हाही त्याला पाठ होता.

ज्याला गल्ली भिंग म्हणते, त्याने त्या पाच मिनिटांत एकदा, फक्त एकदा, चष्मा गजासमोर धरला असता तर! बाबांनी नऊ दिवस आईचा चष्मा घालून काढले. छताचे दोन पंखे, एका परिचारिकेच्या दोन, फोनवर दोघांचे चार. ती थट्टा नव्हती आणि तापही नव्हता. त्यांना शेवटचं जे दिसलं, ते त्याने पुसट करून ठेवलं होतं. त्याने तोंडात मूठ कोंबून हुंदका आवरला, आई आत होती म्हणून.

आणि मग त्याला तक्ता आठवला. ती शेवटची ओळ. योग्य नंबर लावूनही आईला ती ओळ कधी वाचता आली नव्हती. तीस वर्षं गल्ल्याशेजारी बसून हजार गिऱ्हाइकांच्या तोंडून जी अक्षरं ऐकली, ती आज तिने पोपटासारखी म्हणून दाखवली होती.

तो आत गेला. चष्मा त्याच्या हातात होता. आईने मान वर केली. तिला काय दिसलं कोण जाणे, पण त्याच्या पावलांचा आवाज तिला पुरला असावा.

“उघडलीस का पिशवी?”

“तुला कधी कळलं?”

“त्याच दिवशी.” आईने डाळीचं ताट बाजूला सरकवलं. “तू पुढे दुकानात फवारा मारत होतास, तेव्हा फोन आला त्यांचा. म्हणाले, अगं, तुझा चष्मा आलाय माझ्याकडे.”

“आणि मला सांगितलं नाहीस? मी नेऊन दिला असता. अर्ध्या तासात दिला असता!”

“म्हणूनच नाही सांगितलं.” आई म्हणाली. “ते म्हणाले, भिंगाला कळलं तर तो दवाखान्याच्या फाटकावर येऊन बसेल, कुणाचं ऐकायचा नाही. इथे जो येतोय तो आजार घेऊन जातोय. त्याला लहान पोर आहे. तू माझा चष्मा घालत जा, म्हणजे त्याच्या ध्यानात यायचं नाही.”

“पण त्यांना काही दिसत नव्हतं गं.”

“मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, इथे बघण्यासारखं आहे तरी काय.”

तो जमिनीवर बसला, तिच्या पायांशी. आई त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेली, तो आधी खांद्यावर पडला, मग चाचपत वर गेला.

“ते गेल्यावर तरी सांगायचंस.”

“काय सांगणार होते? तू आयुष्यभर स्वतःला खात बसला असतास. आताही बसशीलच.” तिने नाकावरच्या चष्म्याला हात लावला. “आणि खरं सांगू, काढवत नव्हता. डोकं गरगरायचं, ओकारी यायची. पण काढवत नव्हता.”

त्याने तिच्या नाकावरून बाबांचा चष्मा अलगद उतरवला आणि तिचा तिला घातला. दांड्या कानामागे नीट बसवल्या, गिऱ्हाइकाच्या बसवतो तशा. आईने दोन-तीनदा पापण्या मिटल्या. फरशीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग त्याच्याकडे पाहून पाहतच राहिली.

“दाढी कधीपासून वाढवलीस?”

“महिना झाला.”

“आणि गाल कुठे गेले तुझे?”

“चल, जेवून घेऊ,” तो उठलाच एकदम. “दोन वाजले.”

आईच्या हातून सांडतं म्हणून महिनाभर तोच वाढत होता. दुकान बंद झाल्यापासून डबे तळाला लागले होते. पंधरवड्यातून एकदा कुणीतरी वाटलेलं पाकीट यायचं, तेवढ्यावर चाललं होतं. त्याने आईच्या ताटात दोन पळ्या भात वाढला. मग आपल्या ताटाशी आला आणि रिकामी पळी दोनदा कडेवर वाजवून वर चिमूटभर भात ठेवला. रोजची सवय. रोज पळी वाजली की आई विचारायची, “पोटभर घेतलंस ना?” आणि तो म्हणायचा, “तुडुंब.”

आज तिने विचारलं नाही. ती बघत होती. आधी पळीकडे, मग आपल्या ताटाकडे, मग त्याच्या.

“रोज एवढंच?”

त्याने मान खाली घातली. या घरात कुणी कुणाला काही सांगत नव्हतं.

आईने आपलं ताट ओढून त्याच्या ताटाला भिडवलं, तिरपं केलं आणि अर्धा भात बोटांनी पलीकडे सारला. सावकाश, ताटाच्या कडेवर नजर ठेवून. खाली एक शीतसुद्धा सांडलं नाही.