काऊनची ओळ

प्रेमिलाबाईंनी छापील कागद चटईवर पसरला, त्यावर तळहात टेकवला आणि समोर बसलेल्या बायांना विचारलं,

"सांगा, ह्याच्यात काय लिहिलं असेल?"

"तुमी हात काढान तवा दिसन ना, बाई," रुखमाबाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. भागीरथा हसली नाही. खांबाला टेकून ती नुसती कागदाकडे बघत होती.

शाळेच्या पडवीत दुपारचा हा बायांचा वर्ग. प्रेमिलाबाई ग्रामसेविका, नागपूरकडे शिकलेल्या. वयानं ह्यातल्या बहुतेकींची लेक शोभल्या असत्या, पण गावानं त्यांना केव्हाच बाई करून टाकलं होतं. अक्षरओळख होऊन गेली होती. आता कागद वाचायला शिकवायचं, आणि ती भानगड अगदी निराळी. अक्षरं लावत लावत शेवटाला पोचलेल्या बाईला विचारा, काय वाचलं, तर ती तुमच्याच तोंडाकडे बघत बसते. मग बाईंनी आपल्या डोक्यानं एक रीत काढली. कागद हाती आला की दारी आलेल्या पाहुण्यासारखी त्याची चौकशी करायची. कोण तू, कोणाकडे आलास, काय करायला सांगतोस, आणि काऊन, म्हणजे कशासाठी, सांगतोस? काऊन विचारल्याशिवाय तर उठायचंच नाही. आणि जे कागदानं सांगितलं नाही, ते आपल्या पदरचं त्यात घालायचं नाही, अशी सक्त ताकीद.

भागीरथा आज किती दिवसांनी वर्गाला आली होती. मागच्या महिन्यात तिची गोकुळा हिवतापानं गेली. सात वर्षांची पोर. बाई तेव्हा चांद्याला शिबिरात होत्या. परत आल्यावर भेटायला गेल्या, तर भागीरथानं बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि तांदूळ निवडत बसली. रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. आज ती आपणहून आली, एवढ्यानंच त्यांना हायसं झालं होतं.

कागद हिवताप खात्याचा होता. पावसाळ्यात फवारणीवाले येऊन घराघरांत आतल्या भिंतींवर औषध मारून गेले आणि जाताना कागदांचा गठ्ठा पाटलाकडे टाकून गेले. तो तिथंच धूळ खात पडला. आता दिवाळी तोंडावर आलेली, बाया घरं लिंपायला काढणार. त्याआधी हा वाचून घ्यायलाच हवा, म्हणून बाई काल गठ्ठाच घेऊन आल्या होत्या.

त्यांनी हात काढला. "हं. कोण बोलून राहिलं?"

शकुबाईनं बोट ठेवलं. "हिव... ताप... खातं."

"कोणाशी?"

"घरवाल्यायशी."

"घरवाल्यायशी कायले? बायायशी म्हन," रुखमाबाई म्हणाली. "भिती सारवते कोन? बुडा थोडाच सारवते."

"बरं, बायांशी. काय करायला सांगतो?"

शकुबाईचं बोट पुढं सरकलं. "औषध मारलेल्या... भिंती... सारवू नयेत. लिंपू नयेत." ती थांबली आणि तिनं रुखमाबाईकडे पाहिलं.

"घ्या आता," रुखमाबाई म्हणाली. "आमी त सगळ्यायनं पोळ्याले लिपल्या. थे दवाईचे पांढरे डाग, वरून वास. सनासुदीले घर तसं ठेवाव का, बाई? भागीरथाचं घर त तुमी पाहाले पायजे होतं. अशी लिपली होती भित, का नुसता हात फिरवत राहाव वाट्टे. गावातली कोनी तिचा हात धरनार नाई."

पुढली ओळ बाईंना पाठ होती. त्या ओळीत आडोसा म्हणून कुठं नव्हता. साध्या माणसाला कळावं म्हणूनच कोणीतरी ती लिहिली होती, आणि चांगली लिहिली होती.

त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली. "बाकीचं उद्या वाचू. गुरं यायची वेळ झाली."

"काऊन राह्यलं, बाई," भागीरथा म्हणाली.

"उद्या बघू ना."

"काऊन इचारल्याबिगर उठाचं नाई. तुमीच सांगतलं." तिनं हात पुढं केला. बाईंना कागद द्यावा लागला.

तिनं वाचलं. न अडखळता वाचलं, गावातल्या बाया वाण्याकडचं सामान सांगतात त्या आवाजात. "डास भिंतीवर बसतो, तेव्हा भिंतीवरच्या औषधाने मरतो. भिंत लिंपल्यास औषध मातीखाली झाकले जाते. मग डास मरत नाही व घरातील माणसांस हिवताप येतो."

रुखमाबाईनं पदर तोंडाला लावला. आपण काय बोलून बसलो ते तिला आत्ता कळलं होतं.

"भागीरथाबाई," बाई घाईनं म्हणाल्या, "ताप काय घरातच येतो? तळ्यावर डास आहेत, धानाच्या बांधीत आहेत. पोर दिवसभर बाहेर खेळायची. कुठं चावला कोणी सांगावं?"

"थे ह्या कागदात लिवलं हाय का?"

"नाही."

"मंग पदरचं नोका घालू."

शकुबाईनं हळू आवाजात विचारलं, की भित बाहेरून लिपली त चालते का. चालतं, औषध आतूनच मारलंय, बाई म्हणाल्या. मग यंदा दिवाळीला बाहेरूनच, असं ठरलं. बाया उठल्या. जाताना एकेक जण भागीरथाच्या खांद्याला हात लावून गेली, आणि तिनं तो लावू दिला.

ती मागं राहिली. तिनं एक चटई गुंडाळून भिंतीशी उभी केली. मग कमरेची गाठ सोडून एक कागद काढला आणि बाईंपुढं धरला. तोच कागद. घड्यांवर झिजून कापडासारखा मऊ झाला होता.

"पाटलाकडं धान कांडाले गेली होती, तवा गठ्ठ्यातला एक आनला. घरी वाचला," ती म्हणाली. "रोज वाचतो. पन मी नवी वाचनारी. म्हटलं, माह्यं कुठंतरी चुकून राह्यलं असन. तुमच्यापुढं एकडाव वाचाव, म्हनून आली आज."

बाईंनी कागद हातात घेतला. वर बघायचा त्यांना धीर होईना.

"चुकलं का जी?"

हो म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं. गावात बाईंइतकं वाचणारं दुसरं होतं कोण?

"नाही," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "बरोबर वाचलंत."

भागीरथानं मान हलवली आणि दुसरी चटई गुंडाळायला घेतली.