निवड झाल्याबद्दल

"आसारामभाऊ, तो फ्लेक्स आधी खाली घ्या!" मोटारसायकल स्टँडवर लावायच्या आतच राधाकिशन सर ओरडले.

आसाराम गाईंपुढे उसाचे वाढे टाकत होता. त्याने मान वर करून फ्लेक्सकडे पाहिले. दुष्काळी चारा छावणीत चार बांबूंवर ताणलेला तो फ्लेक्स दोन गाई आणि एका कालवडीवर सावली धरून होता. त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिले होते : 'आपल्या गावचे भूमिपुत्र शहादेव आसाराम यांची व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये निवड व करार झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' शुभेच्छुक म्हणून दूध सोसायटीचे चेअरमन आप्पाराव हात जोडून हसत होते, आणि त्यांचा फोटो भूमिपुत्राच्या दुप्पट होता.

"घेतो की सर. पण गाया उन्हात पडत्याल."

"अवं, सर कावून एवढे तापलेत ते तर इचारा," त्याची बायको वत्सलाबाई शेणाचे हात घेऊन पुढे आल्या.

सर अंबाजोगाईच्या कॉलेजात खेळाचे मास्तर. तिथल्या टीमचा सगळा भार शहादेववर, साडेसहा फूट उंचीच्या आसारामच्या एकुलत्या एक पोरावर. आज चार वाजता विद्यापीठाच्या स्पर्धेत त्यांची मॅच होती आणि समोरच्या कॉलेजाने सकाळीच तक्रार ठोकली होती. त्यांच्या कोचच्या सासऱ्याची म्हैस याच छावणीत बांधलेली. जावईबापू म्हैस बघायला आले नि फ्लेक्सचा फोटो काढून गेले.

"ऐका नीट," सर म्हणाले. "ड्राफ्ट म्हणजे काय, तर खेळाडूंनी नावं द्यायची आणि त्यातून संघांनी हवी ती पोरं घ्यायची. नाव दिलं, कुणी घेतलं नाही, तर पोरगा परत कॉलेजातून खेळू शकतो. पण एकदा करार केला की तो धंदेवाईक खेळाडू. मग विद्यापीठाच्या मैदानावर पाय ठेवायचा नाही. आणि तुमचा हा फ्लेक्स म्हणतो, करार झाला!"

"कोंचा करार? झाल्यालाच न्हाई."

"ते समितीपुढं येऊन सांगा. पोरगं खेळाच्या कोट्यात आहे. खेळणं बंद म्हणजे होस्टेल बंद, मेस बंद. शेवटचं वर्ष आहे हो त्याचं!"

वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मी म्हणत हुते, एवढा मोठा बोर्ड नगं," त्या म्हणाल्या. त्या काही म्हणाल्या नव्हत्या. फ्लेक्स लागला त्या दिवशी त्यांनीच त्याला नारळ फोडला होता.

आता आसारामची चूक म्हणावी तर कसली? उभा जन्म त्याने दूध सोसायटीत माप घालण्यात घालवला. त्या सोसायटीची निवडणूक कधी कुणी पाहिलीच नव्हती. आप्पाराव यादी करायचे, यादीत नाव गेले की त्याच दुपारी गुलाल यायचा आणि मतदानाची तारीख उजाडायच्या आधी संचालक मंडळ बिनविरोध होऊन चहा पीत बसायचे. त्यामुळे गणपतीच्या दिवसांत शहादेवचा फोन आला, "आबा, ड्राफ्टच्या यादीत नाव गेलं माझं," तेव्हा आसारामने पुढचे काही विचारलेच नाही. सायकल काढली आणि थेट फ्लेक्सवाल्याचे दुकान गाठले. आठ दिवसांनी ड्राफ्ट झाला. शहादेवला कुणी घेतले नाही. पोरगे गप्प होस्टेलवर परतले ते दिवाळीलाही घरी आले नाही. पाऊस तर त्या साली आलाच नव्हता. विहिरी आटल्या, दूध आटले, सोसायटीची भांडी पालथी पडली आणि गुरांसंगे माणसेही छावणीत आली, आणि माणसांसंगे फ्लेक्सही.

सरांच्या मागे बसून आसाराम अंबाजोगाईला निघाला. टोपी वाऱ्याने उडेल म्हणून हातात धरलेली.

समिती जिमखान्याच्या खोलीत बसली होती. मधोमध अध्यक्ष मॅडम, बाजूला दोघे प्राध्यापक आणि खिडकीशी ते म्हैसवाले कोच. शहादेव दाराला टेकून उभा होता. त्याने बापाकडे पाहिले आणि नजर फरशीवर टाकली. आसारामला वाटले, पोरगे वाळलेय.

"लीगकडून कळलंय, ड्राफ्टमध्ये याला कुणी घेतलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण नंतरही संघ परस्पर करार करतात. तुमच्या फ्लेक्सवर तसं लिहिलंय. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणीच न्हाई."

"मग लिहिलंत कसं?"

"निवड मी सांगितली. आमच्यात यादीत नाव गेलं की मानूस निवडूनच येतो. आन करार त्या फ्लेक्सवाल्यानं घातला. म्हनला, एवढी जागा मोकळी बरी दिसत न्हाई."

एका प्राध्यापकांना खोकला आला. तो लवकर थांबेना.

कोच उठले. "बरं, मग खोटं होतं हे कळल्यावर काढला का नाही? अजून टांगलेलाच आहे!"

"गायांला सावली..." आसाराम म्हणाला आणि थांबला. गाईंचे कारण चांगले होते, कुणीही मानले असते. पण दारातले ते साडेसहा फुटी पोर मान खाली घालून उभे होते आणि ते काही त्याला बघवेना.

"न्हाई मॅडम. सावलीला पाचटबी चाललं असतं. मला लाज वाटली. फ्लेक्स काढला तर गावाला कळंल, पोराला कुणी घेतलं न्हाई. म्हनून न्हाई काढला."

"म्हणजे खरंच कुणी घेतलं नाही? पैसे नाहीत, करार नाही, काही नाही?"

सोसायटीत माप पुकारायचा, त्याच आवाजात आसाराम बोलला. बाहेर व्हरांड्यातली पोरेसुद्धा आत डोकावली.

"न्हाई! एकाबी संघानं घेतलं न्हाई माझ्या पोराला. लिवून घ्या. त्यात पोराचं काई कमी न्हाई. हरबऱ्याच्या झाडावर चढून बसलो हुतो मी."

मॅडमनी शेजारच्या दोघांशी बोलून घेतले. मग चष्मा काढून त्या हसल्या. "तक्रार फेटाळली. मुलगा खेळेल. आणि तुम्ही आता कुणाचं अभिनंदन करायच्या आधी सरांना विचारा."

व्हरांड्यात शहादेव बापाच्या पाया पडायला वाकला. वाकला तरी तो बापाच्या खांद्याला लागत होता.

"आबा, मला वाटलं तुमी रागावलाव. तुमची समद्या गावात शोभा झाली असंल माझ्यापायी."

"रागावलो? बे येड्या, तुझी माय रोज वाटंकडं बघती." आसारामने पोराच्या पाठीवर थाप मारली. "मलाबी दिवाळी ग्वाड न्हाई लागली, बग."

"मॅच झाली की येतो. आजच येतो."

"आधी खेळ जा."

चारला मॅच सुरू झाली. आसारामला त्यातले ओ की ठो कळेना, पण शहादेवने चेंडू टाकला की पायऱ्यांवरची गर्दी उसळायची, म्हणून तोही उसळायचा. मध्येच शेजारच्या फेटेवाल्या पाहुण्याने त्याला कोपराने ढोसले.

"तो उंच गडी बघितला का? लई भारी हाय. त्याला म्हनं मोठ्या टीमनं घेतलाय."

आसारामने हातातली टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"न्हाई घेतला, पाव्हणं," तो म्हणाला. "आमचाच हाय अजून."

आणि पाहुण्याला नीट दिसावे म्हणून तो थोडा बाजूला सरकून बसला.